चिऊ, तुझ्या यादीतला पहिला नंबर मला मान्य नाही

प्रिय चिऊ,

तुझं पत्र मिळालं. खाऊ, मोजे आणि गणिताच्या वहीचं सगळं बाबा बघतायत, मी फक्त तुझ्या यादीबद्दल लिहिणारे कारण ती वाचल्यापासून डोक्यात तेच चाललंय. गूजबम्प्सच्या, म्हणजे मुलांसाठीच्या त्या इंग्रजी भयकथा मालिकेच्या, कव्हरांमध्ये पहिला नंबर स्लॅपी बाहुला आणि ‘से चीज अँड डाय’ थेट सातवा? नाही ग, मला हे अजिबात पटलेलं नाही. आणि भित्तिपत्रिकेच्या भूत विशेषांकाचं कव्हर तुझ्याकडे आलंय म्हणतेस, म्हणजे हा विषय नुसता आवडीनिवडीचा राहिला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते, एका बैठकीत वाचलं नाहीस तरी चालेल.

आधी एक गोष्ट. तुमच्या लायब्ररीत ज्या प्रती आहेत ना, त्या २००८ नंतरच्या नव्या आवृत्तीच्या असणार, कारण तू जे वर्णन केलंयस त्यातली बरीचशी चित्रं ब्रँडन डोर्मनची आहेत. तो चांगला चित्रकार आहे, वाईट म्हणतच नाहीये मी. पण मी तुझ्याएवढी असताना डोंबिवलीच्या लायब्ररीतून जी पुस्तकं आणायचे ती जुनी, १९९२ ते १९९७ या काळात आलेली मूळ मालिका, एकूण ६२ पुस्तकं, आणि त्यातली बहुतेक कव्हरं टिम जेकोबस नावाच्या माणसाने केलेली. लेखक आर. एल. स्टाइन सगळ्यांना माहीत असतो, जेकोबसचं नाव कोणी घेत नाही, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं कारण आम्ही पुस्तक उचलायचो ते त्याच्यामुळे. लायब्ररीतल्या काकांनी सगळ्या पुस्तकांना जाड प्लॅस्टिक घातलेलं असायचं, त्यामुळे वरचं नाव फुगीर आहे, त्या ओघळणाऱ्या अक्षरांवर बोट फिरवलं की खडबडीत लागतं, हे मला कळलं ते थेट मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर पहिली स्वतःची प्रत घेतली तेव्हा. ती प्रत अजून आहे आपल्याकडे, अक्षरांच्या उंचवट्यावरचा रंग सगळा उडालाय आणि पुस्तकाच्या पाठीला सेलोटेप आहे, पण चित्र तस्संच आहे.

जेकोबस ब्रश आणि एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारतात तो) दोन्ही वापरायचा, अ‍ॅक्रिलिक रंगात. मालिका जोरात असताना महिन्याला एक पुस्तक यायचं म्हणजे महिन्याला एक कव्हर हवंच, आणि बऱ्याचदा त्याच्या हातात अख्खं पुस्तक नसायचंच, नुसता गोष्टीचा थोडक्यात सारांश. मला वाटतं त्यामुळेच ती कव्हरं चांगली झाली. अख्खी गोष्ट सांगायची सोयच नव्हती ना, त्याला एकच क्षण पकडायला लागायचा. आणि रंग बघ त्याचे, भुताचं पुस्तक म्हटलं की आपण काळा आणि राखाडी घेतो, हा जांभळा, पोपटी, नारिंगी असले एकमेकांवर ओरडणारे रंग शेजारी शेजारी लावतो. वर परत दृश्य तिरकं, वाकलेलं, जिना असेल तर तो आपल्याच अंगावर येतोय असं वाटतं. हे सगळं तू यादी करताना बघितलंस का? तू प्रत्येक कव्हरापुढे ‘किती भयानक दिसतं’ एवढंच लिहिलंयस आणि दहापैकी मार्क दिलेत. भयानक दिसणं आणि भीती वाटणं यात फरक आहे.

स्लॅपीचं बघ. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डमी’ वर काय आहे, बाहुल्याचा चेहरा, डोळे, ते हसू, बस. पहिल्यांदा बघितलं की दचकायला होतं हे मान्य. पण दुसऱ्यांदा? तो तुझ्याकडे बघतोय, तू त्याच्याकडे बघतेयस, झालं, पुढे काही घडतच नाही. आणि तुला एक सांगू, त्या पहिल्या पुस्तकात स्लॅपी मुख्य व्हिलन नाहीये, सगळा धुमाकूळ मिस्टर वुड नावाचा दुसरा बाहुला घालतो, स्लॅपीची पाळी अगदी शेवटी येते. पुढच्या पुस्तकांत तो हीरो झाला आणि मग टीव्ही, सिनेमे, सगळीकडे तोच. तू त्याला पहिला नंबर दिलास तो कव्हरासाठी दिलास की तो फेमस आहे म्हणून, हे स्वतःला एकदा विचार. माझ्या यादीत तो पहिल्या पाचात नाही.

‘अ नाइट इन टेरर टॉवर’ तू तिसरा लावलायस. ते कव्हर देखणं आहे यात वादच नाही, काळा बुरखा घातलेला जल्लाद, हातात कुऱ्हाड, लंडनचा जुना टॉवर. अस्सल गॉथिक म्हणतात ते हेच. इंग्रजीत असल्या गोष्टींची सुरुवात धरतात ती १७६४ मधल्या एका कादंबरीपासून, आणि तिच्यातही किल्लाच आहे, पडका वाडा, तळघर, जुनी पापं, सगळा तोच माल. पण चिऊ, तो जल्लाद लंडनमध्ये आहे, तोही शेकडो वर्षांपूर्वीचा. तो आपल्या घरी येणार नाही. स्टाइन आणि जेकोबसची खरी करामत ही की त्यांनी तो किल्ला उचलून अमेरिकेतल्या साध्या कॉलनीत आणून ठेवला, जिथे लॉन आहे, गॅरेज आहे, आई ऑफिसला गेलीये आणि मुलं घरी एकटी आहेत. म्हणून माझ्या यादीत टेरर टॉवर खाली आणि घरातल्या वस्तूंची कव्हरं वर.

म्हणजे कुठली? ‘मॉन्स्टर ब्लड’ घे, जिन्यावरून तो हिरवा चिकट लगदा पायऱ्या पायऱ्यांनी खाली येतोय, बाकी साधा जिना. ‘इट केम फ्रॉम बिनीथ द सिंक’ घे, स्वयंपाकघरातल्या सिंकखालचं कपाट, आणि आत अंधारात डोळे. गोष्ट काय तर एका स्पंजची, सांगायला गेलं तर हसू येईल, पण ते कव्हर बघितल्यावर मी कित्येक दिवस आपल्या जुन्या घरातल्या ओट्याखाली हात घालून भांड्याची पावडर काढायला घाबरायचे, आजीला विचार. तुझ्या यादीत हे कव्हर नाहीच. का नाही? तुमच्याकडे ते पुस्तक नसेल तर ठीक आहे, असेल आणि तू सोडलं असशील तर मला कारण हवंय.

‘स्टे आउट ऑफ द बेसमेंट’ माझा दुसरा नंबर. दार किंचित उघडलंय आणि दाराच्या कडेवर एक हात, हिरवा, पानं फुटलेला. माणूस दिसत नाही, चेहरा नाही, फक्त हात. आता हा हात दार उघडतोय की बंद करतोय? आतून बाहेर येतोय की कोणीतरी आत ओढलं जातंय? मी तासभर बघत बसायचे त्या चित्राकडे. आणि गोष्टीत तो हात कोणाचा असू शकतो तर त्या मुलांच्या बाबांचा, म्हणजे घरातलाच माणूस. हे एका हातात दाखवलंय. तू याला पाचवा दिलायस आणि पुढे लिहिलंयस ‘मॉन्स्टर नीट दिसत नाही’. अग तेच तर!

‘द हॉन्टेड मास्क’ तिसरा. इथे मी थोडी हळवी होते हे सांगून टाकते. १९९३ चं पुस्तक. स्टाइनच्या मुलाच्या डोक्यात हॅलोविनचा एक मुखवटा अडकला होता, निघता निघेना, ते बघून त्याला ही गोष्ट सुचली असं त्याने स्वतः सांगितलंय. कव्हरवर तो हिरवा घाणेरडा मुखवटा चढवलेली मुलगी. गोष्टीत ती मुलगी, कार्ली बेथ, मानेवरून बोट फिरवते आणि मुखवटा कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते ते तिला सापडतच नाही, ते पान मी आजही सलग वाचू शकत नाही. पण तुला आठवतं का, तिची सुटका कशाने होते? तिच्या आईने तिच्या चेहऱ्याचा प्लॅस्टरचा साचा करून ठेवलेला असतो, अगदी हुबेहूब तिचं डोकं, आणि तिला आधी त्याची लाज वाटते, आणि शेवटी कामाला येतं तेच. लहानपणी मला ते डोकं नुसतं विचित्र वाटलं होतं. तू झालीस, तुला पहिल्यांदा हॉस्टेलला सोडून घरी आलो, त्यानंतर मी ते पुस्तक परत काढलं आणि मला त्या आईचंच जास्त वाटलं. कव्हरवर ते पांढरं डोकं कुठेतरी मागे दिसलं असतं तर मी याला डोळे मिटून पहिला नंबर दिला असता.

आता पहिला. ‘से चीज अँड डाय’. तू लिहिलंयस की सांगाडे काहीच करत नाहीयेत, नुसते उभे आहेत, आणि शिवाय गोष्टीत हा सीन फक्त स्वप्नात आहे. दोन्ही बरोबर आहे. पण परत बघ. दिवस आहे, लख्ख उजेड, मागे अंधार नाही, चंद्र नाही, वाडा नाही. घरामागे बार्बेक्यू लावलाय आणि सगळं कुटुंब कपडेबिपडे घालून मजेत उभं आहे, फक्त ते सांगाडे आहेत आणि त्यांना ते माहीतच नाही. कोणी कोणावर धावून जात नाही. ते फोटोला उभे आहेत. आणि मग विचार कर की ते कुठे बघतायत. कॅमेऱ्याकडे. आणि त्या गोष्टीतला कॅमेरा कसला आहे तर ज्याचा फोटो काढाल त्याचं पुढे काहीतरी वाईट होणार, नव्या कोऱ्या गाडीचा फोटो काढला तर फोटोत गाडी चेपलेली येते. म्हणजे हे चित्र बघणारा जो कोणी आहे, त्याच्याच हातात तो कॅमेरा आहे. तुझ्या हातात, चिऊ. बटण तू दाबलंयस. स्लॅपी तुला घाबरवतो, हे कव्हर तुलाच त्यात ओढतं, आणि हे कळल्यानंतर मला त्याच्या जवळपास जाणारं दुसरं एकही कव्हर दिसलं नाही.

नव्या आवृत्त्यांबद्दल माझी तक्रार एवढीच की त्यात सगळं जवळ आणून, चकचकीत करून, नीट दाखवून ठेवलंय. तुमच्या पिढीला ते आवडत असेल, मी भांडणार नाही. जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवून एकदा बघ मात्र.

आता तुझ्या कव्हराचं. तू पाठवलेलं स्केच मी फ्रिजवर लावलंय. विहीर छान जमलीये, दगडांची गोलाई तर फारच सुंदर, तुला हात आहे हे मी आई म्हणून नाही सांगत, मला खरंच तसं वाटतं. पण त्या विहिरीतून वर आलेली हडळ, केस, सुळे, उलटे पाय, रक्त, एवढं सगळं एकदम कशाला? पाय उलटे आहेत एवढं कळलं तरी मराठी माणसाला पुढचं सांगायला लागत नाही. तिला पूर्ण काढून टाक आणि फक्त रहाटाचा दोर ठेव, ताणलेला, म्हणजे खाली काहीतरी जड आहे. किंवा विहीरच नको, विहीर तुमच्या शाळेत आहे कुठे? तू मागच्या सुट्टीत सांगत होतीस की झोपायच्या हॉलबाहेर सगळ्यांच्या चपला ओळीने लावायला लागतात आणि मॅडम मोजतात. ती ओळ काढ. सगळ्या चपला कोरड्या, एक जोडी ओली, आणि तिच्यापासून ओल्या पावलांचे ठसे दाराच्या आत गेलेले. वरून बघितल्यासारखं काढ, जरा तिरकं, म्हणजे बघणारा तिथेच दारात उभा आहे असं वाटेल. काळा रंग कमी वापर, जांभळा घेऊन बघ, आणि दाराच्या फटीतून पिवळा उजेड. तुमच्या हॉस्टेलमधली एकही मुलगी त्या रात्री बाथरूमला एकटी जाणार नाही. मॅडमना विचारून घे तेवढं, लहान मुली आहेत पाचवीतल्या.

भेटीच्या रविवारी मी ‘से चीज’ची माझी प्रत घेऊन येते, टेप लावलेली, ती हॉस्टेलवर ठेवायची नाही, बघायची आणि परत द्यायची. बाबा म्हणतायत नारायण धारपांचं, मराठीत भयकथा लिहिणाऱ्यांचं, एखादं पुस्तक पण नेऊ, आजोबांच्या कपाटातलं, पण ते तू दहावीत गेल्यावर बघू. तोपर्यंत कव्हर रंगवायला घेऊ नकोस, नुसती पेन्सिलची दोन-तीन स्केचेस करून ठेव, रंग आपण बसून ठरवू. आणि तुझी यादी परत कर, या वेळी मार्क नकोत, प्रत्येकापुढे एक वाक्य लिही की चित्रात काय दाखवलेलं नाही. स्लॅपी तरीही पहिलाच आला तर मी मान्य करीन, पण वाक्य मला पटायला हवं.

तुझी,
आई

ता. क. जांभळी पोस्टर कलरची बाटली वाळून गेलीये, नवी आणते. ब्रश तुझ्याकडे आहेत का बघ, नाहीतर फोनवर बाबांना सांग.