ठमे, तुझं म्हणणं अर्धं खरं निघालं

प्रिय ठमे,

सात महिने झाले. तू मोजले नसशील, मी मोजले. सुरुवातीला राग होता, मग लाज वाटत होती, आणि नंतर नुसता आळस. आळसाला मात्र मी रागाचंच नाव देत राहिले. माझी तब्येत ठीक आहे. मनगट अधूनमधून कुरकुरतं, पट्टा बांधते, चालतंय. झालं तब्येतीचं.

आता मुद्दा. परवा एक फोन आला, तो ठेवल्यावर मी एकटीच खोखो हसले आणि मग तिथेच लाकूड तासायच्या लेथपाशी खाली बसले. हे सांगायचं कोणाला? जाड्याला सांगितलं तर तो "मग पैसे परत दे" म्हणेल आणि विषय संपवेल. मास्तर आता नाहीत. उरलीस तू, आणि तुझ्याशी तर माझं भांड्यावरून भांडण: तू म्हणायचीस रंग आकारच बदलतो, मी म्हणायचे रंग नुसता वरून लावायचा.

झालं असं की प्रदर्शनासाठी मी एक उंच पोकळ भांडं करत होते. आंब्याचं लाकूड, उंची २४ सेंटिमीटर, पोट १८ रुंद. पोटाची सगळ्यात फुगीर रेषा बुडापासून १५ वर आणि बूड ६ सेंटिमीटरचं. हिशेब कर, पंधराला चोवीसने भाग. भिंतीवर खडूने सुवर्ण गुणोत्तराचं ०.६१८ लिहून ठेवलंय म्हणून तू मला "आकडेबाई" म्हणायचीस, तर तोच आकडा जवळजवळ जुळला होता. बूड पोटाच्या बरोबर एक तृतीयांश. मास्तरांची साखळी दोन खिळ्यांना लोंबकळत सोडून, तिचा झोक कागदावर गिरवून, कागद उलटा करून खांद्याचा उतार ठरवला होता. कागदावर तर ते भांडं जमिनीवरून उचलल्यासारखं दिसत होतं.

मग पोखरायला घेतलं. काठीला चिकटपट्टी लावून खोली बघत होते. पट्टी मधेच सरकली असणार. लाकडाचा आवाज बदलला, ठमे. तुला माहीत आहे तो, भिंत पातळ झाली की पिचका, उंच येतो तो. मला ऐकू आला. ऐकू येऊनही मी आणखी एकदा हत्यार आत घातलं, का ते विचारू नकोस. पुढच्या क्षणी भांड्याच्या आतून उजेड दिसला. बुडातून.

चोवीस वर्षं मी शिकाऊ पोरांना हाच विनोद सांगते, "फनेल केलंस का रे?" म्हणून.

टाकून द्यायला हवं होतं. पण लाकडात खांद्यापाशी अशी सुंदर लाट होती की हात होईना. बुडाच्या आसपासची भिंतही कागदासारखी झाली होती, म्हणून जिथे नीट जाडी मिळाली तिथपर्यंत, खालचे ४ सेंटिमीटर कापून काढले आणि काळ्या लाकडाची चकती बसवली. सांधा सुरेख झाला, नख लावलं तरी अडकत नाही. पण आकार? उंची राहिली २० आणि पोट आलं ११ वर, म्हणजे जवळपास मध्यावर. शिवाय निमुळता भागच कापला गेल्यामुळे बूड साडेनऊचं झालं. पोटाच्या निम्म्याहून जास्त! मान नसलेला, पाय नसलेला एक ढोल. चार सेंटिमीटरमध्ये एवढं बिघडतं हे शिकवताना मी कितीदा सांगितलं असेल, पण स्वतःच्या हातातलं भांडं असं बसकं झालं की पोटात कालवतं.

आणि मग मी जे केलं त्यासाठीच हे पत्र आहे.

मी रंग लावला.

हस आता. मनसोक्त हस. "रंग म्हणजे आकाराचं पाप झाकायची चादर" हे वाक्य माझंच ना? तुझ्या त्या निळ्या वाडग्यासमोर, चार लोकांत. वर "लिपस्टिक" पण म्हटलं होतं. ते चार लोकांत म्हणायला नको होतं, हे मला त्याच रात्री कळलं होतं. पण वाडग्याबद्दल मी चुकले होते का, तर तो प्रश्न वेगळा आहे, तो पुढे घेऊ.

खालच्या तिसऱ्या भागाला आधी हिरड्याचं पाणी फिरवलं, वाळू दिलं, मग लोखंडी कीस व्हिनेगरमध्ये मुरवून केलेलं पाणी. लोखंडाचं पाणी तुरटपणाशी मिळूनच काळं होतं, आणि आंब्यात स्वतःचा तुरटपणा बेताचाच, म्हणून हिरडा. फडका फिरवला तेव्हा लाकूड आधी करडं झालं, मग माझ्या डोळ्यांदेखत, पाच-सात मिनिटांत, काळंशार. तो क्षण कितीही वेळा बघितला तरी जुना होत नाही. त्यावरून स्पिरिटमधला लाल, ओल्यातच वर ओढत नेला, काळ्यातून तपकिरी, तपकिरीतून कुंकवासारखा. आणि सगळ्यात झळझळीत लाल पट्टा मी खऱ्या पोटावर ठेवला नाही, त्याच्या दोन सेंटिमीटर वर ठेवला, १३ वर. गळा तसाच पांढुरका सोडला.

मग काळ्या कापडावर ठेवलं, वरून एक दिवा सोडला, आणि ठमे, पोट वर सरकलं! बूड नाहीसं झालं. काळं काळ्यात विरघळलं आणि डोळ्याने जिथे रंग सुरू होतो तिथूनच भांडं मोजायला सुरुवात केली. सहा सेंटिमीटरच्या बुडावर उभं असल्यासारखं दिसत होतं. वीस मिनिटं मी नुसती त्याच्याभोवती फिरत होते. खरं सांगू? मला अभिमान वाटला. चोरी पकडली न जाण्याचा असतो तसा.

प्रदर्शनात पहिल्याच दिवशी गेलं. एका बाईंनी घेतलं. मोठ्या रसिक आहेत, हातात घेऊन वजन बघितलं, आत बोट घालून जाडी बघितली. मी मुद्दाम म्हटलं, बुडाला चकती बसवली आहे. त्या म्हणाल्या, दिसतच नाही. मी गप्प बसले.

आणि परवा फोन. बाई फार सभ्य, फार अवघडलेल्या. म्हणाल्या, "तुमचं भांडं घरी आणल्यापासून जरा जाड झालंय. हवेने लाकूड फुगतं का हो?"

पांढऱ्या दगडाच्या टेबलावर ठेवलंय त्यांनी. मागे पांढरी भिंत आणि बाजूला खिडकी.

तुला आठवतं, मास्तर काय करायचे? कोणी भांडं दाखवायला आणलं की रंग, पॉलिश, रेषा काही बघायचे नाहीत. दिवा उचलून मागे ठेवायचे आणि म्हणायचे, "आता बोल." उजेडापुढे नुसती काळी आकृती उरायची आणि सगळी लबाडी उघडी पडायची. त्या बाईंच्या टेबलाने तेच केलं. काळं बूड पांढऱ्यावर आलं आणि त्याची कड सुरीने कापल्यासारखी दिसायला लागली. मी ज्या रंगाने बूड लपवलं त्याच रंगाने त्याच्याखाली ठळक रेघ ओढली.

आणि मला तुझा तो शेव्हरल आठवला. त्या भांडणात तू मला त्याचं आख्खं व्याख्यान दिलं होतंस. पॅरिसमधल्या गोब्लँच्या विणकामाच्या कारखान्यात रंगाई बघणारा तो रसायनशास्त्रज्ञ, काळा रंग फिका पडतो म्हणून विणकरांच्या तक्रारी, आणि त्याने शोधून काढलं की काळ्यात खोट नाही, शेजारच्या रंगात आहे. १८३९ चं पुस्तक. मी तेव्हा म्हटलं, गालिचे विणणाऱ्यांचं मला काय सांगतेस, माझं भांडं गोल आहे. तू म्हणालीस, "तुझं भांडं कशावर तरी ठेवावं लागेल ना?" आणि निघून गेलीस. तेवढं एक वाक्य मी सात महिने विसरले होते. फोन ठेवला तेव्हा आठवलं.

म्हणजे तू बरोबर. रंग आकाराच्या वर लावायची गोष्ट नाही, तो आकारच बदलतो, हे मी स्वतःच्या हाताने सिद्ध केलं. पण ठमे, अर्धंच. कारण माझा रंग कापड बदलल्यावर पडला, आणि त्या २४ सेंटिमीटरच्या भांड्याची रेषा कशावरही ठेवली असती, दिवा मागे धरला असता, तरी पडली नसती. हे तू नाकारू शकत नाहीस. नाकारायचं असेल तर समोर येऊन नाकार.

आणि त्या वाडग्याचं आता सांगतेच. तुझा निळा उत्तम होता. पण पिवळट लाकडावर निळा, वर तू पिवळं पडणारं तेल चोळलंस, तर तो हिरवा होणार नाही तर काय होणार? आडवं लाकूड असल्याने दोन्ही टोकांच्या बाजूंनी रंग जास्त प्यायला आणि समोरासमोर दोन काळसर डाग आले. मी त्यावर हसायला नको होतं. पाण्यात मिसळणारं ऍक्रिलिक लॅकर लाव, ते पिवळं पडत नाही, एवढं सांगायला हवं होतं. ते मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. हे भांडणापेक्षा वाईट.

आता करू काय? तीन गोष्टी डोक्यात घोळतात. एक, बाईंना एक काळा पाट करून द्यायचा, "यावर ठेवा" म्हणून. म्हणजे लबाडीला पाय लावून देण्यासारखं. पण रात्री अकरा वाजता हीच कल्पना सगळ्यात शहाणपणाची वाटते. दोन, पैसे परत, भांडं परत. जाड्या खूश. तीन, भांडं मागवून घ्यायचं, तोंडात लाकडी खुंटा घट्ट बसवून उलटं लेथवर चढवायचं, मागून टेलस्टॉकचा, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या टेकूचा, आधार, आणि ती चकती काढून जाड चकती बसवायची. ती सांध्याच्या खाली एक सेंटिमीटर उतरेल, आणि तेवढ्यात आतल्या बाजूला तासत तासत ६ सेंटिमीटरच्या पायावर आणायची. खाली सावली पडेल. पोट ११ वरून १२ वर जाईल, उंची २१. मध्यावरून थोडं तरी सुटेल. भिंत चारच मिलिमीटर आहे, उलटं फिरवताना खुंट्याच्या जोराने गळा फुटू शकतो. फुटला तर फुटला.

मी बाईंना खरं सांगितलं. म्हणजे अर्धं. "लाकूड फुगलेलं नाही, माझीच चूक आहे, पाठवून द्या" एवढं. त्या म्हणाल्या, पण रंग बदलू नका हं. काय बोलणार!

रंगच तर अडतो आहे. पाय लागला की खाली खरी सावली येईल, मग काळा एवढा वर चढलेला कशाला हवा? तो खरवडून खाली आणला तर लाल पट्टाही खऱ्या पोटावर यावा लागेल. आणि पांढरा गळा? काळा कमी झाला की तो उगाच उघडा पडेल का? मी चार कागदांवर रंगवून बघितलं, चारही वेगवेगळ्या कारणांनी चुकलेत. मला आकार कळतो. हे मला कळत नाही. हे तुला कळतं. हे वाक्य लिहायला मला एक आख्खी संध्याकाळ लागली आहे.

तुझ्या नव्या घराचं, धाकटीच्या परीक्षेचं जाड्याकडून कळलं. लेथला खालच्या मजल्यावर जागा मिळाली ना? बुवांचा गुडघा कसा आहे? सविस्तर लिही, मी या वेळी नीट वाचेन.

भांडं गुरुवारी येतंय. तू शनिवारी ये. येताना माझा जाडी मोजायचा कॅलिपर घेऊन ये. तुझा आहे म्हणू नकोस, त्याच्या एका पायावर माझ्या पटाशीची खूण आहे.

तुझी,
चिंगी

ता. क. तो निळा-हिरवा वाडगा मी कोणाला देऊन टाकला म्हटलं होतं, ते खोटं. कपाटात आहे, उन्हाने रंग उडेल म्हणून बंद ठेवलाय. काल काढून बघितला. बूड अजूनही अर्धा सेंटिमीटर जाड आहे.