एसी बंद करणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं, तर तुम्ही ते न उघडताच गल्ल्याखाली सरकवलं असतं आणि "असू द्या ना ताई" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला असतात. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव मुद्दाम घेत नाही. नागपूरच्या बर्डीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारे तुम्ही ज्यांना माहीत आहात, ते पहिल्या दोन परिच्छेदांतच ओळखतील.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. आर्किटेक्ट लोक नकाशे पाठवतात, मी त्यांच्या न बांधलेल्या घरांची चित्रं आणि फिरती दृश्यं, म्हणजे वॉकथ्रू, करून देते. रेंडर, म्हणजे नकाशावरून चित्र तयार करायचं काम, लावला की प्रोसेसरचे सहाच्या सहा कोअर रात्रभर राबतात. म्हणूनच इंटेलचं आय-सेव्हन ८७००के हे ओव्हरक्लॉक होणारं, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवता येणारं, मॉडेल घेतलं होतं. डिसेंबरात पाच गिगाहर्ट्झवर बसवलं, तेव्हा चूं केलं नाही. एप्रिल संपता संपता रडायला लागलं. आधी रेंडर अर्ध्यात थिजायचा, मग निळा स्क्रीन, मग नुसताच काळा. आणि हे सगळं मनीषनगरात, वरच्या मजल्यावर, जिथे रात्री अकरालाही स्लॅबखाली उभं राहिलं की डोकं तापतं.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेले त्यांच्याबद्दल थोडं बोलूनच घेते, नाहीतर आभारात खोट राहील. एका मोठ्या, काचेच्या दाराच्या दुकानात मशीन ठेवून घेतलं, संध्याकाळी फोन केला, "मॅडम, एकदम ओके चालते, काहीच प्रॉब्लेम नाही," आणि तपासणीचे पैसे घेतले. घरी आणलं, त्याच रात्री बंद. पुन्हा नेलं, पुन्हा ओके. तिसऱ्या खेपेला तिथला मुलगा माझ्याशी न बोलता माझ्या नवऱ्याला म्हणाला, "सर, मॅडम काहीतरी चुकीचं दाबत असतील." नवऱ्याला टास्क मॅनेजर कुठे असतो हेही माहीत नाही, हे त्याला कोण सांगणार?

दुसऱ्याने व्होल्टेज वाढवून दिलं, लोड-लाइन कॅलिब्रेशन (ताण आला की व्होल्टेज खाली पडू न देणारी सेटिंग) शेवटच्या पायरीवर नेऊन ठेवलं आणि वरून प्रोसेसर पाण्याने गार करणारा लिक्विड कूलर विकला. प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा खरंच उतरला, पण मशीन पडायचं ते पडतच राहिलं. तिसरा म्हणाला, सेन्सर चुकीचा दाखवतो, लक्ष देऊ नका. सेन्सर चुकतो हे आपल्या नागपूरकरांना कोणी शिकवायला नको. मे २०२४ मध्ये इथल्याच एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली होती आणि देशभर बोंब उठली. पण हवामान खात्याने निदान तपासलं आणि मग सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. या गृहस्थांनी कॅबिनेटचा स्क्रूसुद्धा सोडवला नाही.

मग तुम्ही. मशीन टेबलावर ठेवलं, मी आपली तीच कॅसेट लावली: इथे चालते, घरी बंद पडते. तुम्ही सगळं ऐकून घेतलं आणि मलाच, नवऱ्याला नाही, विचारलं, "ताई, तुमच्या घरी एसी आहे काय?"

म्हटलं, नाही, कूलर आहे.

"कूलर कुठे, मशीन कुठे?"

कूलर खिडकीत. पाण्याचे थेंब उडू नयेत म्हणून मशीन समोरच्या कोपऱ्यात, पश्चिमेच्या भिंतीला लागून. तुम्ही भिंतीवरच्या एसीकडे पाहिलं, तो २४ वर होता. "मग इथे तपासून काय उपयोग? इथे ते महाबळेश्वरात बसून राहिलंय," असं म्हणालात, रिमोट घेतला आणि एसी बंद केला.

काका, मला याच एका गोष्टीबद्दल लिहायचं आहे. बाकीचं तुमचं कौशल्य आहे, त्याचे तुम्ही पैसे घेतलेत, थोडे का होईना. पण भर मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमाराला, बाहेर डांबर पायाला चिकटत असताना, तुम्ही स्वतःच्या दुकानातला एसी बंद केलात आणि टेस्ट लावून माझ्या मशीनसमोर बसून राहिलात. पंखाही एकच ठेवला, तो माझ्याकडे वळवून. गळ्यातल्या दुपट्ट्याने कपाळ पुसत होतात आणि चष्मा घामाने नाकावरून घसरला की मनगटाने वर ढकलत होतात. एक गिऱ्हाईक दारातूनच ओरडलं, "काय जी काका, एसी गेला काय?" तुम्ही मान न वळवता म्हणालात, "नाही, टेस्टिंग चालू आहे." तो गेला. त्याच्यासारखे आणखीही गेले असतील, धंद्याची वेळ होती.

ज्या पेशंटला खोकला रात्री येतो, त्याला दुपारी तपासून "छाती साफ आहे" म्हणणारे डॉक्टर खोटं बोलत नसतात. त्यांना फक्त रात्री उठून यायचं नसतं. काचेच्या दारवाल्यांचंही तेच झालं. चोवीस अंशांच्या खोलीत प्रोसेसर ऐंशी-ब्याऐंशीला थांबत असेल, तर अडतीस अंशांच्या खोलीत तो पंचाण्णवच्या आसपास जाणार, कारण खोली जितकी तापते साधारण तितकाच तोही वर चढतो. आणि या प्रोसेसरची हद्द शंभर. इतका साधा हिशोब होता. तो करायला स्वतः थोडं भाजून घ्यावं लागत होतं, एवढंच.

तासाभराने तुमच्यासमोर ते पडलं. पाच गिगाहर्ट्झचा आकडा धाडकन एकाच्याही खाली आला, मग स्क्रीन थिजला. तुमच्या तोंडावर जो आनंद दिसला, तो मी विसरणार नाही. "आता दिसलं!" म्हणालात. माझं मशीन बंद पडल्याचा इतका आनंद कोणाला झाला नव्हता, आणि मला तर रडूच आलं. कितीतरी आठवड्यांनी कोणीतरी माझ्याबरोबर तेच पाहत होतं जे मी रोज एकटी पाहत होते.

पुढचं थोडक्यात. तुम्ही प्रोसेसरच्या सॉकेटच्या शेजारच्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, बोट टेकवलं आणि झटक्यात मागे घेतलं. प्रोसेसर नव्हे, त्याला वीज पुरवणारा व्हीआरएम भाजून राहिला होता. जुना एअर कूलर सॉकेटवर फुंकायचा, त्याचा वारा आपोआप त्या भागालाही लागायचा. लिक्विड कूलर लावला आणि तो वारा गेला. तुम्ही तिथे एक छोटा फॅन बांधलात. मग व्होल्टेज, जे सगळ्यांनी वाढवलं होतं, ते उतरवलंत. १.३६ व्होल्टवरून १.२६, आणि वेग पाचवरून ४.८ वर. मी म्हटलं, काका, वेग कमी झाला ना. तुम्ही बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने मांडून दाखवलं: उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून वेग चारच टक्के गेला पण उष्णता सतरा-अठरा टक्क्यांनी उतरली. तापलेल्या चिपला तोच वेग पेलायला जास्त व्होल्टेज लागतं, ते दिलं की ती आणखी तापते, आणि हेच चक्र मागच्या दुकानवाल्याने फिरवत ठेवलं होतं. दहा तासांच्या रेंडरला आता पंचवीस मिनिटं जास्त लागतात. लागू द्या. तो पूर्ण होतो.

ते बिल मी ठेवलंय. त्यावर खाली तुम्ही "भिंतीपासून एक वीत पुढे" असंही लिहिलं होतं. त्याप्रमाणे टेबल ओढलं आहे. नवऱ्याचा पाय रोज त्याला लागतो, तो तुमच्या नावाने बोटं मोडतो, तेवढं चालवून घ्या.

मला तुमच्या दुकानाची जाहिरात करायची नाही, आणि तुमचं दुकान तसं काही दिसायला खासही नाही. पण या शहरात चांगुलपणा बहुतेक वेळा असाच दिसलाय मला. नवतपात फाटकाबाहेर माठ भरून ठेवणारे लोक आहेत, माठावर नाव न लिहिणारे. ऑटोवाले आहेत, जे उन्हात उभ्या म्हातारीला मीटर न टाकता दोन चौक पुढे सोडतात. ही माणसं भाषण देत नाहीत. समोरच्याला जो त्रास होतो तो थोडा वेळ स्वतः घेऊन पाहतात. शिकलेल्या, टाय लावलेल्या माणसांना हे का जमत नाही, कोण जाणे. बहुधा एसीची सवय. (हे जरा लागेल असं लिहिलंय, पण काढत नाही.)

मृग लागून गेला. मधल्या त्या उकाड्याच्या रात्रींत, कूलरने फक्त दमट हवा फेकायला सुरुवात केली तेव्हाही, मशीन पडलं नाही. ज्या वॉकथ्रूसाठी क्लायंट माझ्यावर चिडला होता तो वेळेत गेला, आणि त्याने पुढचं कामही दिलंय.

दिवाळीच्या आधी प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट बदलायला या, असं तुम्ही म्हणाला होतात. येते. त्या वेळी मजुरी पूर्ण घ्यायची, आणि बर्डीतले तर्री पोहे माझ्याकडून. नाही म्हणायचं नाही.

तुमची,
मनीषनगरची रेंडरवाली ताई