खालच्या मजल्यावरच्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

संध्याकाळच्या शिकवणीत 'मॅडम, आवाज तुटतोय' हे वाक्य आता ऐकू येत नाही. याचं श्रेय तुमचं आहे. ते चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. दुसरंही एक कारण आहे. घरोघरी डेस्कटॉपला असंच रडतखडत चालणारं वायफाय आहे आणि लोक त्यापायी नको तिथे पैसे घालवताहेत. तुम्ही माझ्याकडे जे केलंत ते त्यांच्याही उपयोगी पडावं.

तुम्ही येईपर्यंत मला सल्ल्यांची कमतरता नव्हती. इंटरनेट कंपनीच्या फोनवरून दर वेळी एकच उत्तर मिळायचं : राउटर बंद करून चालू करा, आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित आहे. दुकानदार म्हणाला, राउटर बदला. आणखी एकाने विंडोज नव्याने टाकायला सांगितलं. दिवसा सगळं सुरळीत चालायचं. व्हिडिओ दिसायचे, फाइली उतरायच्या. संध्याकाळी वर्ग सुरू झाला की मात्र माझा आवाज मुलांपर्यंत तुकड्या-तुकड्यांनी पोचायचा. कोपऱ्यातल्या वायफायच्या चिन्हाच्या सगळ्या रेघा भरलेल्या असायच्या, आणि त्याच टेबलावर ठेवलेला मोबाइल त्याच वायफायवर मजेत चालायचा. दहावीच्या मुलांना वर्तुळाचं प्रमेय सांगताना सिद्धतेची मधली पायरीच गळून गेली, तर पुढचं सगळं वाया जातं. बहुतेक मुलं खेड्यांतली, आईबापांच्या मोबाइलवर शिकणारी. त्यांना 'पुन्हा सांगते' असं किती वेळा म्हणणार?

तुम्ही आलात आणि आधी कशालाही हात लावला नाहीत. खुर्ची ओढून बसलात आणि विचारलंत, "नक्की कधी तुटतं? आणि तेव्हा काय काय चालू असतं?" हा प्रश्न मला तोवर कोणीच विचारला नव्हता.

मग पडद्यावर दोन काळ्या खिडक्या शेजारी-शेजारी उघडल्यात आणि दोन्हींत पिंग, म्हणजे समोरच्या यंत्राला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं, न थांबता चालू ठेवलंत. डावीकडचं पिंग घरातल्या राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला. उजवीकडचं बाहेर, गूगलच्या ८.८.८.८ ला. म्हणालात, टेलिफोन एक्सचेंजमध्ये एमडीएफवर, म्हणजे सगळ्या लाइनी जिथे येऊन जोडतात त्या चौकटीवर, फ्यूज काढला की लाइनचे दोन भाग होतात, एक गावाकडचा आणि एक आतला. आधी दोष कोणत्या भागात नाही ते ठरवायचं. तालुक्याच्या, देशी बनावटीच्या सी-डॉट एक्सचेंजवर तुम्ही हेच करत होतात. इथे फ्यूज नव्हता, म्हणून दोन पिंग.

वर्ग सुरू झाला आणि डावीकडचे आकडे बिघडले. एरवी दोन-तीन मिलिसेकंदांत येणारं उत्तर आठशेवर, हजारावर जाऊ लागलं, मधूनच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', म्हणजे उत्तरच नाही. उजवीकडेही तेच, पण ते साहजिकच होतं. कॉम्प्युटरपासून हॉलमधल्या राउटरपर्यंतच वाट अडत असेल, तर कंपनीची लाइन कितीही चांगली असून काय उपयोग? इतके दिवस ज्यावरून फोनवर वाद चालला होता तो प्रश्न काही मिनिटांत निकाली निघाला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमची लांब लॅन केबल घेऊन आलात. हॉलमधून उंबऱ्यावरून आतल्या खोलीत ती टाकलीत आणि मला म्हणालात, वर्ग रोजच्यासारखाच घे, काहीही बदलू नकोस. त्या दिवशी एक शब्दही तुटला नाही. म्हणजे राउटर ठीक, कॉम्प्युटर ठीक, विंडोजही ठीक. नवा राउटर घ्यायचे माझे पैसे तिथेच वाचले. केबलला तोड नाही हे तुम्ही तेव्हाही सांगितलंत. पण भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नाही आणि दारातून केबल कायमची ठेवता येत नाही, हे माझं म्हणणं तुम्ही मान्य केलंत. अडचण ऐकून घेऊन त्यातून वाट काढणारा माणूस क्वचित भेटतो.

आता संशय उरला तो हवेतल्या पल्ल्यावर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन, वीज वाचवण्यासाठी वायफाय बंद करायची विंडोजला दिलेली मुभा काढून टाकलीत. फरक पडला नाही. मग मोबाइलवर आसपासची वायफायं पाहिलीत. वायफायच्या पट्ट्यात नंबर दिलेल्या वाटा असतात, त्यांना चॅनल म्हणतात. आपल्या इमारतीतली निम्मी सहा नंबरच्या चॅनलवर, एक चारवर, आणि माझं तीनवर. २.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनल पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतराने असतात, पण प्रत्येकाला जागा लागते सुमारे वीसची. म्हणून एक, सहा आणि अकरा हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. शेजाऱ्याच्याच चॅनलवर असलेलं एक वेळ परवडतं, कारण मग राउटर एकमेकांचं ऐकून आळीपाळीने बोलतात. अर्धवट अंगावर येणारा चॅनल मात्र नुसता गोंगाट करतो. हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. माझा राउटर अकरावर नेलात, आकडे थोडे सुधारले. पण वर्गाच्या वेळी पुन्हा तेच.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची, हा तुमचा नेम मी जवळून पाहिला. आणि मग तो क्षण आला. वर्ग चालू होता, तुम्ही कॅबिनेटच्या मागे वाकून पाहत होतात. हलक्या आवाजात विचारलंत, "हा निळा दिवा कशाचा लुकलुकतोय?" तो बाहेरच्या हार्ड डिस्कचा होता. ज्या मुलांकडे वर्गाच्या वेळी मोबाइल नसतो त्यांच्यासाठी मी प्रत्येक तास रेकॉर्ड करते, आणि ते रेकॉर्डिंग थेट त्या डिस्कवर जातं. डिस्क यूएसबी थ्रीच्या निळ्या खाचेत, आणि तिला अगदी चिकटून शेजारच्या खाचेत, कॉम्प्युटरला वायफाय पकडून देणारं नखाएवढं डोंगल.

वर्ग संपल्यावर डिस्क काढलीत, पिंग दोनवर. डिस्क लावून मोठी फाइल टाकलीत, पिंग नऊशेवर. पुन्हा काढली, पुन्हा लावली. दर वेळी तेच. मी म्हटलं, डिस्कमुळे कॉम्प्युटर मंदावत असेल. तुम्ही लगेच म्हणालात, "केबलवर वर्ग घेतलास तेव्हाही डिस्क चालूच होती. तेव्हा काही अडलं नाही. म्हणजे ती कॉम्प्युटरला नडत नाही, हवेला नडते."

यूएसबी थ्रीच्या तारांमधून सेकंदाला पाच गिगाबिट इतक्या वेगाने माहिती धावते, आणि त्या धावण्यातून उठणारा रेडिओगोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. इंटेलने २०१२ सालीच यावर सविस्तर लेख काढला होता, हेही तुमच्याकडूनच कळलं. सिग्नलच्या रेघा भरलेल्या का दिसायच्या, तेही तुम्ही सांगितलंत : बेंजोच्या गाडीशेजारी उभं राहून फोन घेतला, तर समोरचा कितीही मोठ्याने बोलला तरी शब्द कळत नाहीत. रेघा समोरच्याचा आवाज मोजतात, शेजारचा बेंजो मोजत नाहीत. मोबाइल त्या गोंगाटापासून हातभर दूर होता, म्हणून तो सुटला. दिवसा रेकॉर्डिंग नसायचं, म्हणून दिवसा सगळं ठीक. संध्याकाळचं कोडं सुटलं.

उपाय म्हणजे दीडशे रुपयांची यूएसबी एक्स्टेन्शन वायर. डोंगल पुढच्या काळ्या, यूएसबी टूच्या खाचेतून वायरीने वर आणून खिडकीच्या कडेला, राउटरच्या दिशेला, आणि डिस्क मागेच. कॅबिनेटचा पत्रा आणि भिंत यांच्या सांदीतून डोंगल सुटलं, त्याचाही फायदा झाला. तेव्हापासून रेकॉर्डिंग चालू असतानाही पिंग तीनच्या वर क्वचितच जातं.

काका, तुम्ही दुरुस्ती तर केलीतच, पण प्रत्येक पायरीला मला शेजारी बसवून घेतलंत. त्याचं फळ परवा मिळालं. कऱ्हाडला आमच्या वहिनींकडेही इंटरनेट रखडत होतं. मी फोनवरून त्यांना दोन खिडक्या उघडायला लावल्या. त्यांच्याकडे उलटं निघालं, डावीकडचं पिंग स्वच्छ आणि उजवीकडचं तुटलेलं. म्हणजे दोष घराबाहेरच्या बाजूचा. त्यांनी कंपनीला नेमके आकडे सांगितले, आणि या वेळी 'राउटर बंद करून चालू करा' न म्हणता माणूस आला. कपाटामागे फायबर काटकोनात मुडपली होती. ती सरळ केल्यावर काम झालं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहाशिवाय काही घेतलं नाहीत. त्याबद्दल मी वाद घालत नाही. पण माझी एक विनंती आहे. मुलांना मी तुमच्याबद्दल सांगितलं आहे आणि ती तुम्हाला प्रश्न विचारायला टपून बसली आहेत. दहावीच्या भूमितीत 'पक्ष' आणि 'साध्य' लिहायला शिकणाऱ्या मुलांना एमडीएफवरचा फ्यूज पटकन समजेल असं मला वाटतं. येत्या रविवारी सकाळच्या वर्गात अर्धा तास याल का? दहा वाजता सुरू करते. काकूंनाही घेऊन या.

तुमची,
वरच्या मजल्यावरची शिकवणीवाली