आई, दोन बाटल्या एकात ओतू नकोस

चिंचवड,
२३ नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई, तू "हो गं, कळलं" म्हणतेस आणि बोलणं भाजीच्या भावावर नेतेस. म्हणून लिहितेय. वाचून झालं की हे पत्र मोरीच्या दारामागच्या खिळ्याला लावून ठेवा.

गेल्या मंगळवारी बाबा, तुम्ही सहज बोलल्यासारखं म्हणालात, "तुझ्या आईला जरा ठसका लागला होता, आता बरी आहे." ठसका म्हणजे काय ते मला रविवारी घरी आल्यावर कळलं. संडासात घालायच्या ॲसिडच्या बाटलीत तळाला दोन बोटं उरलेलं, कपड्यांच्या ब्लीचच्या बाटलीतही तेवढंच. दोन बाटल्यांनी जागा कशाला अडवायची म्हणून आई, तू एकीतलं दुसरीत ओतलंस. ते फसफसून वर आलं, पिवळसर वाफ निघाली, आणि तू मोरीत उकिडवी बसलेली, दार लोटलेलं. बाबांनी दंडाला धरून अंगणात आणलं म्हणून निभावलं. दोन दिवस छातीत दुखत होतं, आवाज बसला होता. आणि मला कळवलं नाहीत, कारण मी लगेच निघून आले असते आणि तिकिटाचे पैसे गेले असते. हे ऐकून मी रात्रभर जागी होते.

त्या बाटलीतून निघाला तो क्लोरीन वायू होता. संडासाच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की हा वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साचतो. म्हणजे उभ्या माणसापेक्षा खाली बसून घासणाऱ्याला जास्त लागतो. बाबा, तुम्ही महायुद्धाची पुस्तकं वाचता. १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी सोडला तो हाच. तो आपल्या चार बाय पाचच्या मोरीत तयार झाला.

आई, तुझी काटकसर मला कुणी सांगायला नको, मी त्याच काटकसरीवर वाढले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये बाबांनी उभी नोकरी काढली आणि हातात येते ती ईपीएस-९५ ची तुटपुंजी पेन्शन, त्यातून औषधं आणि लाइट बिल गेलं की काय उरतं ते मला माहीत आहे. तेव्हा "जास्त वापरा" असं मी चुकूनही म्हणणार नाही. पुरवून वापरा. फक्त साफसफाईची दोन औषधं, दोन ॲसिडं, दोन फिनेल, काहीही एकमेकांत मिसळायचं नाही. तळाशी उरलेलं असेल तर त्याच बाटलीत थोडं पाणी घाल, हलव, आणि त्याच कामाला त्याच दिवशी वापरून टाक. ॲसिडची बाटली संडासासाठी, ब्लीचची कपड्यांसाठी, आणि दोन्ही एकाच दिवशी काढायच्याच नाहीत.

ब्लीचचं आणखी एक. खिडकीत पाण्याच्या पारदर्शक बाटलीत तू पाणी मिसळलेलं ब्लीच भरून ठेवलं होतंस, महिनाभर पुरावं म्हणून. ते उन्हानं आणि उष्णतेनं आपोआप उतरतं, आणि एकदा पाणी घातलं की आणखी लवकर. आठवड्याभरानं तू फडकी भिजवत होतीस ती जवळजवळ नुसत्या पाण्यात. लागेल तेवढंच, त्याच दिवशी कालवायचं. मूळ बाटली फडताळात, अंधारात.

हातधुण्याच्या साबणाच्या पंपातही तू निम्मं पाणी घालतेस. तिथं माझा जीव अडकतो, कारण बाबांच्या पायाची जखम तू त्याच हातांनी पुसतेस. त्या साबणात तो खराब होऊ नये म्हणून काही घातलेलं असतं; पाण्यानं ते पातळ झालं की त्यातच जंतू वाढायला लागतात. मागच्या वेळी मला त्याला कुबट वास आला होता, तो याचाच असणार. पाणी न घालता तो पुरवायचा उपाय सोपा आहे. पंपाच्या मानेला दोन-तीन रबरं घट्ट गुंडाळ, भाजीच्या जुडीला येतात ती. मग पंप पूर्ण खाली दबत नाही, निम्माच साबण येतो. हात आधी ओले करायचे, मग साबण घ्यायचा, तेवढा भरपूर होतो. खरं तर आंघोळीच्या वडीनं हात धुतले तरी काम तेच होतं आणि खर्च कितीतरी कमी येतो. बाटली संपली की पुन्हा आणूच नका.

आता वडी. हे मी तुझ्याकडूनच शिकले आणि तूच सोडून दिलंस. आठवतं? वाण्याकडून कपड्यांच्या साबणाचा लांब बार आला की तू तो पाटावर ठेवायचीस, मांजाचा दोरा दोन्ही हातांत ताणून वरून दाबायचीस, चार सारख्या वड्या पडायच्या. कडेचा भुगा पुसून घ्यायचीस, तोही डब्यात. मग त्या वड्या माळ्यावर कागदावर उभ्या मांडायच्या, एकमेकींना न चिकटता, आणि पंधरा दिवस कुणी हात लावायचा नाही. वाळलेल्या साबणातलं पाणी गेलेलं असतं, तो टणक होतो, झिजत नाही. आंघोळीच्या साबणालाही तसंच कर. चारचं पाकीट आलं की वेष्टन काढून वड्या कपाटात साड्यांमध्ये ठेव. दिवाळीच्या मोती साबणाची वडी आपण तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवायचो, ती याच शिस्तीनं.

आणि ती गुळगुळीत साबणदाणी टाकून द्या. तिच्यात पाणी साचतं, रात्रभरात वडी खालून मेणासारखी होते, सकाळी निम्मी दाणीलाच चिकटून राहते. मी भोकांची जाळी ठेवून गेलेय, ती वापरा.

बाबा, साबण आणायला तुम्ही जाता, म्हणून हे तुमच्यासाठी. वेष्टनाच्या पाठीमागं टीएफएम म्हणून आकडा असतो, म्हणजे साबणात तेल-चरबीचा अंश किती ते. ७६ टक्के किंवा वर असेल तर पहिली प्रत, ७० ला दुसरी, ६० ला तिसरी. काहींवर "बाथिंग बार" लिहिलेलं असतं, त्यात हे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत खाली असू शकतं. तुम्ही दहा रुपये कमी म्हणून जे पाकीट आणता त्यावर हेच लिहिलंय, मी बघितलं. ते आठवड्यात विरघळतं. थोडा महाग पण ७६ चा आणा, तो जास्त दिवस जातो.

शांपूची बाटली मात्र घेऊ नका. मी इथं दुकानात उभी राहून मिली वाचले आणि भागाकार केला. एक रुपयाच्या पुडीत पाच-सहा मिली येतो, त्या हिशेबानं तीस पुड्या तीस रुपयांत. तेवढ्याच मापाची बाटली दुपटीहून महाग. मोठी बाटली स्वस्त पडते असं आपल्याला वाटतं, इथं उलट आहे. तुला आई, केस इतके कमी राहिलेत की एक पुडी दोनदा होते. कोपरा छोटासा काप आणि चिमटा लावून ठेव.

भांड्यांचं लिक्विड घासणीवर थेट ओतायचं नाही. वाटीभर पाण्यात एक चमचा, आणि घासणी त्यात बुडवायची. संध्याकाळी उरलं तर सिंकमध्ये. उद्यासाठी झाकून ठेवायचं नाही. कपड्यांची पावडर मुठीनं नको, डब्यातल्या चमच्यानं. आणि शक्य असेल तेव्हा नळाच्या पाण्याच्या दिवशीच मोठे कपडे धू. आपलं बोअरचं पाणी जड आहे, त्यातल्या क्षारांशी साबण लढतो, फेस येतच नाही, आणि तू आणखी घालतेस. बादलीला पांढरा थर बसतो तोही त्याचाच. त्याला पिळलेल्या लिंबाच्या साली चोळ. टूथपेस्ट वाटाण्याएवढी घ्या, ब्रशभर नको.

फरशीचं मला फार वाईट वाटलं. बाबा, डाग जावेत म्हणून तुम्ही पडवीत ॲसिड टाकलंत ना? आपली फरशी शहाबादी आहे. तो चुनखडीचा दगड, ॲसिड त्याला खातं. तिथं आता खडबडीत झालंय, बोट फिरवलं तर कळतं, आणि त्या खड्ड्यांत धूळ बसते. म्हणून तिथं दुप्पट पुसावं लागतं आणि दुप्पट फिनेल जातं. आता ते बरं होणार नाही, पण पुढं अंगणाकडं सरकू नका. तिथं लिंबूसुद्धा नको. आधी नीट झाडून घ्या आणि बादलीत फिनेल बुचानं मोजून घाला. धार धरून घालू नका.

आणि ते फिनेल सरबताच्या बाटलीतून काढा. पाण्यात पडलं की ते ताकासारखं दिसतं. चिनू पाच वर्षांचा आहे, घरी आला की आधी तहान लागते त्याला आणि हात पोचेल ते तोंडाला लावतो. मूळ बाटली, मूळ झाकण, वरची फळी.

ज्यांच्या मूळ बाटल्या टाकून दिल्या असतील त्यांच्यासाठी मी तीन कोऱ्या बाटल्या पाठवतेय, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. चष्मा नसला तरी वाचता येईल.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येतेय. आईला आपण डॉक्टरांकडं नेऊ, बाबा, तुम्ही नंबर लावून ठेवा. त्याआधी खोकला वाढला, रात्री दम लागला, तर माझी वाट बघायची नाही. आणि आई, पत्र पोचलं की तू स्वतः फोन कर. बाबांकडून निरोप नको. तुझा आवाज सुटलाय का, ते मला ऐकायचंय.

तुमची,
सुमी