मनूच्या गोळीबद्दल, आई-बाबांना

नागपूर,
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर दोनदा सांगायला गेलो. दोन्ही वेळा आधी आई रडली, मग मी चिडलो. म्हणून लिहितोय. बाबा, आईला वाचून दाखवताना मधलं गाळू नका.

महालक्ष्म्यांच्या दिवशी पानं वाढून झाली होती, आणि तुम्ही फ्रिजवरची स्ट्रिप हातात धरून विचारलंत, "काहून गोळ्या चारता त्या पोरीले?" मी पाहुण्यांसमोर आवाज चढवला. चुकलंच माझं. पण तुम्ही इथे होतात त्या आठवड्यात दोन सकाळी आईने मनूची गोळी देवघरातल्या डबीत टाकली आणि आम्हाला 'घेतली' म्हणून सांगितलं, तेही चुकलं. मनूनंच नंतर मला सांगितलं. आजीचं गुपित ठेवायचं की बाबाला सांगायचं, या विचारात ती दोन दिवस होती बिचारी.

आईचं म्हणणं एकच, एवढी शांत पोर, उड्या नाही, मस्ती नाही, हिला कसला आजार? आई, नेमकं इथेच आम्हीही फसलो.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ सांगतो. भागाकाराची सहा गणितं होती. पहिल्याचा एक आकडा लिहून तिने पेन्सिलीला टोक केलं. शार्पनरमधून साल निघाली ती फुलासारखी, म्हणून ती वहीवर चिकटवायला डिंक शोधत उठली. डिंक शोधताना तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल सापडला, एक चाक निखळलेला. पाऊण तासाने मी आलो तेव्हा बैल छान चालत होता आणि गणित तिथल्या तिथे. मी ओरडलो, पट्टी हातात घेतली. मारली नाही, पण घेतली. ती म्हणाली, "बाबा, मला बसायचंच होतं. मी उठले ते मला कळलंच नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही.

मनूला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा आजार. एडीएचडी म्हटलं की आपल्याला खिडकीवर चढणारा पोरगाच आठवतो. पण त्यात नुसतं लक्ष न टिकणं हाही एक प्रकार असतो, आणि मुलींमध्ये तो वर्षानुवर्षं कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण त्या वर्गाला त्रास देत नाहीत. शाळेच्या डायरीत फक्त 'स्वप्नाळू आहे, पालकांनी लक्ष द्यावे' असं यायचं.

बाबा, तुम्हाला वाटलं एका भेटीत डॉक्टरांनी शिक्का मारला. तसं नाही झालं. आधी कान आणि डोळे तपासले. मग लांबलचक प्रश्नावल्या, एक आम्हाला, एक तिच्या बाईंना. रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमध्ये हे दिसत नाही. लक्ष न लागण्याच्या नऊ लक्षणांपैकी निदान सहा हवीत, सहा महिने तरी टिकलेली हवीत, बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली हवीत, आणि घरी व शाळेत दोन्हीकडे हवीत. नुसती घरी दिसली तर कदाचित आमच्याच घरात काही बिघडलंय असं म्हणता येतं. आणि हो, पागलखाना चौकाचं नाव तुम्ही काढलंत म्हणून सांगतो, डॉक्टर मुलांच्याच आहेत आणि त्यांच्या वेटिंगमध्ये मनूच्या शाळेतली दोन पोरं भेटली.

मोबाइलमुळे झालं, सुनेच्या नोकरीमुळे झालं, गोड खाण्यामुळे झालं, हे तिन्ही मी ऐकून घेतलं. गोड खाल्ल्याने मुलं चेकाळतात हे तपासून पाहिलंय लोकांनी, त्यात तथ्य निघालं नाही. हा आजार बराचसा रक्तातून येतो, उंची येते तसा. कोणाच्या बाजूने आला ते कृपा करून दिवाळीत शोधायला बसू नका.

नवं फॅड म्हणालात, तर ऐका. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टरने डोकेदुखीवर म्हणून मुलांना एक उत्तेजक औषध दिलं. डोकेदुखी तशीच राहिली, पण मुलं अभ्यासाला बसू लागली. मनूची गोळी त्याच जातीची, मिथिलफेनिडेट. ती १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झाली, आणि बनवणाऱ्याने बायकोच्या 'रिटा' या लाडक्या नावावरून तिला रिटालिन म्हटलं. मेंदूत निरोप पोचवणारी डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायनं तिच्यामुळे थोडी जास्त वेळ टिकतात, म्हणून समोरचं काम धरून ठेवता येतं. गुंगीची गोळी नाही ही, उलट आहे. अर्ध्या-एक तासात लागू पडते, चारेक तासांत उतरते. दुकानदार चिठ्ठीची एक प्रत स्वतःकडे ठेवून घेतो, इतका कडक कायदा आहे.

पण गोळी आम्ही जूनपासून सुरू केली, तीही ५ मिलिग्रॅमपासून. जानेवारी ते मे नुसत्या सवयीच लावत होतो. एका वेळी एकच काम सांगायचं, तेही तिच्याजवळ जाऊन. दहा मिनिटं अभ्यास, मग उठून पाणी. दाराला दप्तराच्या वस्तूंची चित्रं चिकटवलीत. जमलं की लगेच चांदणी, शनिवारी चांदण्या मोजून फुटाळा तलावावर चक्कर. बाईंनी तिला खिडकीपासून उठवून पुढे बसवलं. बराच फरक पडला, पण वर्गातलं लिहिणं अर्धंच राहायचं. आता दोन्ही चालू आहे, आणि गोळी आली म्हणून चांदण्या थांबल्या नाहीत.

आईची एक तक्रार मात्र खरी आहे. डबा परत येतो. दुपारची भूक मरते या गोळीने. म्हणून सकाळी गोळीआधी पोटभर पोहे किंवा पराठा, आणि साडेसहाला पुन्हा पूर्ण जेवण. दर तीन महिन्यांनी वजन, उंची, बीपी, नाडी बघतात. वजन उतरलं तर डॉक्टर डोस बदलतील, मीही हट्ट धरणार नाही.

दिवाळीत ती आठ दिवस तुमच्याकडे आर्वीला येतेय. सुट्टीतही गोळी द्यायचीच असं डॉक्टरांनी सांगितलंय. नाश्त्यानंतर एक, बस. दुपारी-संध्याकाळी नको, झोप जाते. ब्राह्मीचं तेल डोक्याला खुशाल लाव आई, तिला आवडतं. पोटात काढा मात्र विचारल्याशिवाय नको. आणि ताईच्या पोराशी तुलना नको, तो पाढे म्हणून दाखवेल तेव्हा तर मुळीच नको.

बाबा, तुमच्या शाळेतला तो घंटा द्यायचा पोरगा आठवतो? सगळे त्याला दगड म्हणायचे. तुम्ही मात्र दर तासाला त्यालाच घंटेकडे पाठवायचात, आणि म्हणायचात, "जाऊन आला की पोट्टा अर्धा तास बसते." तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचलं होतं ते? मनूलाही असंच काहीतरी द्या. विहिरीवरची मोटर बंद करून यायचं काम तिला जमेल, पण परत येताना शेळीजवळ थांबेल. थांबू द्या.

शुक्रवारी गणेशपेठहून सकाळच्या एसटीत बसवून देतो, सोबत तिची आई असेल. आठ गोळ्या मोजून डबीत घातल्यात. डबी देवघरातच ठेवा हवं तर.

तुमचा,
बंडू

ता. क. तिने तुमच्यासाठी बैलाचं दुसरं चाकही बसवलंय. गणितं अजून दोन राहिलीत.