काका, सोलरवाला निवडताना जी मदत केलीत त्याबद्दल

काका, नमस्कार. समोर येऊन बोललो असतो तर तुम्ही "जाऊ दे रे" म्हणून चहाच पुढे केला असता, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय.

२०२४ मध्ये घराच्या छतावर सोलर बसवायला सरकारी सबसिडी देणारी पीएम सूर्यघर योजना आल्यापासून आपल्या बडोद्यात रोज कुणी ना कुणी सोलरवाला फोन करतोच. एकाने तर सांगितलं की सबसिडी आम्हीच बिलातून वजा करतो, तुम्ही फक्त आजच्या आज ॲडव्हान्स टाका. तुम्ही तिथेच त्याला बाद केलंत. ३ किलोवॉटच्या सबसिडीचे ७८,००० रुपये सिस्टीम चालू झाल्यावर थेट आपल्या खात्यात येतात, मग हा कशातून वजा करणार, हा तुमचा एक प्रश्न आणि तो गप्प.

मग कोटेशनं घेऊन बसलात. पॅनलची कंपनी आणि मॉडेल नंबर कुठाय, डीसीआर आहेत का म्हणजे आतले सेलसुद्धा भारतातलेच ना, कारण त्याशिवाय सबसिडी नाही, स्ट्रक्चर खरंच गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे गंज लागू नये म्हणून जस्ताचा थर दिलेलं, की वरून चांदीरंग... आणि ती २५ वर्षांची गॅरंटी म्हणजे पॅनल किती वीज देईल त्याची, पॅनलमध्येच दोष निघाला तर ती वॉरंटी वेगळी आणि कमी वर्षांची, हे एकाही सेल्समनने सांगितलं नव्हतं हो!

पण खरी मदत मांजलपूरला झाली. एका सोलरवाल्याकडून त्याच्या तिथल्या जुन्या गिऱ्हाइकाचा पत्ता मागून घेतलात आणि त्याला न सांगता आपण दोघेच गेलो. गुडघे दुखत असताना जिना चढलात, पॅनलखाली वाकून नटबोल्टावर गंज आहे का ते नखाने खरवडून पाहिलंत, केबल पाइपातून नेलीय की उन्हात लोंबतेय तेही बघितलंत. मग त्या ताईंना एवढंच विचारलंत, "बिघडलं तेव्हा कोण आलं?" त्या म्हणाल्या, पावसाळ्यात इन्व्हर्टर एरर दाखवत होता, फोन केला तर दुसऱ्या दिवशी माणूस हजर. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि झालं, ठरलं. भाव त्याचा सगळ्यात कमी नव्हता, तरी मला आजही तोच निर्णय बरोबर वाटतो.

माणूस निघालाही तसाच. टाकीची सावली दुपारनंतर कुठे पडते ते बघून स्वतःच दोन पॅनल सरकवले, लाइट गेली की लाइनमनच्या सुरक्षेसाठी सोलरही बंद पडतं हे पैसे घ्यायच्या आधी सांगितलं, आणि उत्तरायणला पोरं गच्चीवर पतंग उडवणार म्हणून स्ट्रक्चर उंच करून दिलं. ५ वर्षांची देखभाल करारात लिहून घ्यायला मात्र तुम्हीच लावलंत.

आता नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, लागलाय, चांगलं ऊन असलं की दिवसाला १२ युनिटच्या आसपास वीज होते. काका, मनापासून आभार. वाघोडिया रोडच्या मावसभावालाही लावायचंय, तुम्ही हो म्हणालात म्हणून त्याला रविवारी कोटेशन घेऊन तुमच्याकडे पाठवतोय.