काकांची पुस्तकं

ठाणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस चैन पडली नाही. काकांची दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत, घर रिकामं करायचंय आणि रद्दीवाला किलोवर न्यायला तयार आहे, असं लिहिलंस. अरे, जरा थांब.

शाळेत असताना दर शनिवारी आपण ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात पुस्तक बदलायला जायचो, आठवतं? शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का पडायचा आणि जांभळी शाई ओली असतानाच तू पुस्तक मिटायचास. मग तीच तारीख समोरच्या पानावर उलटी उमटायची. हे ग्रंथालय कुणी काढलं, हे मात्र आपण कधी विचारलं नाही.

परवा मुद्दाम वाचून काढलं. 1 जून 1893 ला ते सुरू झालं. ते काढायला पुढाकार घेणारे विनायक लक्ष्मण भावे तेव्हा अवघे 21 वर्षांचे होते! ग्रंथालयं त्याआधीही होती. रत्नागिरीचं 1828 चं, पुण्याचं 1848 चं. पण त्या काळच्या ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’त मान इंग्रजी ग्रंथांना. मराठीत छापलेलं पुस्तक, मग ते लहान असो की मोठं, जपून ठेवायचं, हा ध्यास या ठाणेकर तरुणाचा. घरचा व्यवसाय मिठाचा आणि जीव जुन्या पोथ्यांत. पुढे त्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहून जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास सांगितला आणि जुनी कविता छापून लोकांपुढे यावी म्हणून 1903 मध्ये ‘महाराष्ट्र कवि’ मासिक काढलं. ज्या वयात आपण नोकरीच्या जाहिराती चाळत होतो, त्या वयात हा माणूस पुढच्या पिढ्यांसाठी पुस्तकं साठवत होता. मला फार भरून आलं.

2005 च्या 26 जुलैला आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं, तेव्हा आजोबांनी बांधून घेतलेल्या मासिकांचे गठ्ठे भिजून लगदा झाले. ते मी माझ्या हातांनी बाहेर टाकलेत. त्यांतलं काय दुसरीकडे कुठे शिल्लक आहे, हे आता कळायला मार्ग नाही. म्हणून एवढ्या कळकळीनं लिहितोय.

आधी साधी यादी कर: नाव, लेखक, प्रकाशनाचं साल. जुने दिवाळी अंक, गावच्या छापखान्यात छापलेल्या पुस्तिका, स्मरणिका वेगळ्या काढ. मोठ्या लेखकांच्या कादंबऱ्या सगळीकडे मिळतात, हे असलं काही मिळत नाही. ग्रंथालयं सरसकट सगळं घेत नाहीत, जागेची अडचण असते. त्यामुळे ग्रंथपालांना यादी दाखवून, त्यांच्याकडे नसेल तेच द्यायचं. कसर लागलेली पुस्तकं उन्हात टाकू नकोस, कागद ठिसूळ होतो. सावलीत वाऱ्यावर ठेव. आणि काकांनी समासात पेन्सिलीनं काही लिहिलं असेल तर ते खोडू नकोस.

रद्दीवाल्याला आठवडाभर थोपव. रविवारी सकाळच्या गाडीनं मी येतो, दोघं मिळून कपाटं उघडू.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझाच मित्र